वेष्टनावरचा सैतान

गेल्या स्नेहसंमेलनांत ज्या दालनानें सर्वांत अधिक गर्दी खेचली तें विज्ञानाचें नव्हतें आणि हस्तकलेचेंहि नव्हतें. भूगोलाच्या वर्गांतील नकाशे उतरवून नववीच्या विद्यार्थ्यांनीं त्या भिंतींवर जुन्या ग्रामोफोन-तबकड्यांच्या वेष्टनांचीं तीस रंगीत चित्रें ओळीनें लावलीं होतीं, आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: ‘जगांतील अत्यंत कुरूप वेष्टनें’. प्रत्येक चित्राखालीं मुलांनीं आपापल्या बुद्धीप्रमाणें एकेक विनोदी ओळ लिहिली होती. पालकमंडळी गंभीर मुद्रेनें आंत जात आणि डोळे पुशीत बाहेर येत. एका गृहस्थांस तर हंसतां हंसतां ठसका लागून पाणी द्यावें लागलें. मीहि मनसोक्त हंसलों. हें आरंभींच कबूल केलेलें बरें. नाहीं तर पुढील मजकूर वाचून कोणी मजला हास्यद्वेष्टा ठरवावयाचा.

हेंच प्रदर्शन यंदा दुप्पट मोठें करावें असा मुलांचा अर्ज आला आहे, आणि त्यावरून आम्हां शिक्षकांत दोन तट पडले आहेत. एका तटाचें म्हणणें असें कीं, मुलांस वाईट चित्र ओळखतां आलें म्हणजे चांगलेंहि ओळखतां येईल. शिवाय निर्मळ हंसण्यासारखें दुसरें औषध नाहीं. दुसरा तट म्हणतो कीं, त्या तीस वेष्टनांपैकीं निम्म्याहून अधिक अमेरिकेंतील ख्रिस्ती गायकांचीं व उपदेशकांचीं होतीं. मिशनच्या शाळेच्या भिंतीवर भजनी लोकांची टवाळी शोभत नाहीं, सबब प्रदर्शन बंद करावें. माझें मत या दोहोंपैकीं कोणासच पुरतें रुचणार नाहीं. तरी तें मांडतों. कारण निर्णय व्हावयाचा आहे, आणि तो ज्यांच्याकरितां व्हावयाचा ते विद्यार्थी व त्यांचे पालक हेंच वार्षिक वाचतात.

प्रथम हीं वेष्टनें आलीं कोठून, तें सांगितलें पाहिजे. आपल्या घरांतून नाट्यपदांच्या ज्या जुन्या तबकड्या कोठें कोठें अजून जपून ठेविलेल्या आढळतात, त्यांस चित्र असें नाहींच. साधें कागदी पाकीट, मध्यें वाटोळें भोंक, आणि त्या भोंकांतून डोकावणारा तो कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. त्या कुत्र्याचें मूळ चित्र फ्रान्सिस बॅरो नामक इंग्रज चित्रकाराचें. त्यानें कुत्र्यापुढें आधीं दुसऱ्याच जातीचें यंत्र काढलें होतें. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतलें, तें जुनें यंत्र रंगानें झांकून तेथें आमचा ग्रामोफोन काढावा या अटीवर. यंत्रापुढें कान टवकारून बसलेला कुत्रा ही कल्पना शांतपणें विचार केला तर थोडी हास्यास्पदच आहे. पण त्याला कोणी हंसलें नाहीं, कारण जन्मापासून तो आमच्या डोळ्यांसमोर होता. हा मुद्दा लक्षांत ठेवावा. आपण कशास हंसतों हें पुष्कळदां आपल्याला कशाची संवय आहे यावर अवलंबून असतें.

पाश्चात्य देशांतहि आरंभीं असेंच होतें. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपलीकडे फारसें संगीत मावत नसे. मग एखादी लांबलचक सिंफनी ध्वनिमुद्रित केली कीं तिच्या चार-पांच तबकड्या होत, आणि त्या फोटोंच्या अल्बमासारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहींत, एकेका कागदी खिशांत घालून विकीत. गाण्यांच्या संग्रहास आज आपण ‘अल्बम’ म्हणतों तो त्या वहीवरून. या वह्या बहुधा करड्या किंवा तपकिरी, वर केवळ अक्षरें. त्या धंद्यांतले लोक थट्टेनें त्यांस थडग्यावरचे दगड म्हणत. १९३९ सालीं कोलंबिया कंपनींत अॅलेक्स स्टाइनवाइस नांवाचा बावीस वर्षांचा चित्रकार नोकरीस लागला आणि त्यानें वरिष्ठांच्या मागें लागून वेष्टनावर चित्र काढण्याची परवानगी मिळविली. १९४० मध्यें त्याचें पहिलें सचित्र वेष्टन निघालें. रॉजर्स व हार्ट यांच्या गीतांचा तो संग्रह. त्यासाठीं त्यानें एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवरचीं अक्षरें बदलवून तेथें संग्रहाचें नांव झळकविलें व त्याचें छायाचित्र घेतलें. पुढें १९४८ मध्यें त्याच कंपनीनें संथ फिरणारी मोठी तबकडी बाजारांत आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें, आणि तीस घालावयास पुठ्ठ्याचें पाकीट, लांबीरुंदीला जवळजवळ एकेक फूट.

आतां, एक फूट चौरस कोरी जागा ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्याच्यापाशीं चित्रकार आहे तो ती चित्रकाराच्या हवालीं करतो. ज्याच्यापाशीं नाहीं तो ती स्वतः भरतो, आणि येथेंच आमच्या प्रदर्शनाचा उगम आहे. १९६० व १९७० च्या दशकांत अमेरिकेंत असे कारखाने होते कीं, जो कोणी पैसे भरील त्याच्या तबकडीच्या कांहींशें प्रती ते छापून देत. गांवोगांवचे गायनवृंद, एकेका कुटुंबाचें भजनी मंडळ, मोटारींतून फिरणारे उपदेशक, या सर्वांनीं आपापल्या तबकड्या काढल्या. उपासना आटोपली कीं मंदिराच्या दाराशीं टेबल मांडून त्या विकावयाच्या व त्या पैशांत पुढल्या गांवचा प्रवास करावयाचा. छायाचित्र गांवच्याच स्टुडिओंतलें. कपडे सर्वांचे एकाच ताग्यांतले, बहुधा घरींच शिवलेले. बायकांचे केस त्या काळच्या रीतीप्रमाणें कळसासारखे उंच रचलेले. ज्यांस तेवढेंहि परवडत नसे त्यांच्यासाठीं कारखान्यापाशीं सूर्यास्ताचीं व डोंगरांचीं तयार वेष्टनें असत. त्यांवर नुसतें नांव छापावयाचें. मुलांनीं भिंतीवर लाविलेल्या चित्रांपैकीं पुष्कळ या जातीचीं होतीं.

यांतलेंच एक उदाहरण बाहुलीचें. मार्सी टिग्नर ही बाई खरी ट्रोम्बोन वाजविणारी. पण ती गाऊं लागली कीं आवाज थेट लहान मुलीचा निघे. दुसरी एखादी गाणें सोडून देती. हिनें आपल्या आवाजास शोभेल अशी एक बाहुली करविली, तिला आपलेंच नांव दिलें, आणि तिच्या तोंडून मुलांसाठीं भजनांच्या कितीतरी तबकड्या काढल्या. वेष्टनावर ती बाहुली मोठे डोळे करून आपल्याकडे पाहते. तें चित्र पाहून गेल्या वर्षीं बालवर्गांतलें एक मूल रडूं लागलें, हें खरें आहे. बाहुली भयंकर दिसते हेंहि खरें आहे. परंतु त्या वेष्टनाखालीं ‘रात्रीं कपाटांत कोण आहे?’ एवढेंच लिहिलेलें असल्यामुळें, आपल्या विचित्र आवाजाचा एका बाईनें काय उपयोग करून घेतला हें पाहणाऱ्यांपैकीं कोणासहि कळलें नाहीं.

सर्वांत अधिक हंशा मात्र झाला तो एका सैतानापाशीं, आणि त्या सैतानाविषयीं मला थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे.

वेष्टन १९५९ सालचें, कॅपिटॉल कंपनीचें. पांढरे शुभ्र सूट घातलेले दोन तरुण हात पसरून उभे आहेत, भोंवतीं ज्वाळा, पाठीमागें शिंगें आणि दांत असलेला एक लालभडक प्रचंड सैतान. वर नांव, ‘सैतान खरा आहे’ या अर्थाचें. आणि सैतान इतका उघडउघड लांकडाचा कीं, आमच्या नाट्यसंमेलनांतला रावणहि त्यापुढें जिवंत वाटावा. खालीं एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, ‘सैतानासहि दंतवैद्याची गरज असते.’ मी हंसलों तो येथेंच.

ते दोघे तरुण म्हणजे आयरा आणि चार्ली लूव्हिन हे सख्खे भाऊ. अलाबामा संस्थानांतल्या एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरांत वाढलेले, बाप्तिस्त पंथाचे. लहानपणीं देवालयांत सर्व मंडळी मिळून वाद्यांवांचून जीं जुनीं स्तोत्रें म्हणत, त्यांवरच त्यांचा गळा तयार झालेला. आयरा मॅंडोलिन वाजवी, चार्ली गिटार. दोघे मिळून असे गात कीं, वरचा सूर कोणाचा व खालचा कोणाचा हें ओळखूं येऊं नये. गाण्याच्या मध्येंच ते सुरांची अदलाबदल करीत आणि सांधा दिसत नसे. वेष्टनावरचा तो बारा फुटी सैतान आयरानें स्वतःच्या हातानें प्लायवुडाचा केला. छायाचित्रासाठीं ते त्यास घेऊन एका दगडांच्या खाणींत गेले, जुने टायर रॉकेलांत भिजवून खडकांआड ठेविले आणि पेटविले. आंच लागून खडकांचे तुकडे उडूं लागले, वरून पावसाची भुरभुर सुरू झाली, आणि त्या सर्वांमध्यें हे दोघे पांढऱ्या कपड्यांत उभे. ही हकीकत धाकट्या चार्लीनें पुढें सांगितलेली आहे. ती वाचल्यापासून तें चित्र पूर्वींसारखें माझ्यानें पाहवत नाहीं. ज्वाळा खऱ्या होत्या. खोटा होता तो सैतान, आणि तोहि त्या माणसास खोटा नव्हता.

कारण हा आयरा भयंकर मद्यपि होता. संतापला म्हणजे व्यासपीठावरच मॅंडोलिन आपटून फोडी. त्याच्या संसारांतल्या गोष्टी या पृष्ठांवर लिहिण्याजोग्या नाहींत. दारूच्या नाशाविषयीं तो जीं गाणीं म्हणे तीं उपदेशकाच्या उंच चौथऱ्यावरून म्हटलेलीं नव्हेत. तीं चिखलांत रुतलेल्या माणसाचीं आहेत. तबकडीचें जें मुख्य गीत त्यांत मध्येंच बोलण्याचा भाग आहे. देवालयांत उपदेशक देवाविषयीं बोलत असतां एक म्हातारा उठतो आणि सांगतो कीं, मला साक्ष द्यावयाची आहे, देव आहे तसा सैतानहि आहे, माझें घर त्यानें मोडलें आहे. हें ऐकतांना आपण वेष्टनावरचे दांत विसरतों. १९६३ मध्यें धाकटा भाऊ या स्वभावास कंटाळून वेगळा झाला. १९६५ च्या जूनमध्यें मिसूरी संस्थानांत मोटारीच्या अपघातांत आयरा व त्याची पत्नी मरण पावलीं. त्या रात्रीं आयरा मोटार चालवीत नव्हता. समोरून येऊन धडकलेल्या गाडीचा चालक दारू प्यालेला होता.

त्याच तबकडींतलें एक गीत १९६८ मध्यें बर्ड्‌स नांवाच्या तरुण मंडळींनीं पुन्हां म्हटलें आणि तें नव्या श्रोत्यांपर्यंत पोंचलें. २००१ सालीं या दोघां भावांस त्यांच्या प्रकारच्या संगीतांतला मोठ्यांत मोठा सन्मान मिळाला. पण हें सांगून मला वेष्टनाचें समर्थन करावयाचें नाहीं. वेष्टन कुरूप आहे तें आहेच. चांगलें गाणें आंत असलें म्हणून बाहेरचें प्लायवुड सुंदर होत नाहीं, आणि मनांत भक्ति असली म्हणजे हात आपोआप चित्रकाराचा होतो असें समजणें ही आपल्या ख्रिस्ती मंडळींची एक जुनी खोड आहे. भजनसंध्येच्या कितीतरी हस्तपत्रिका मीं पाहिल्या आहेत, ज्यांवर मेंढपाळाच्या खांद्यावरचें कोंकरूं मांजरासारखें दिसतें आणि मेंढपाळास त्याची अत्यंत भीति वाटत असावी असा भास होतो. तें कोणी दाखविल्यावांचून सुधारणार नाहीं. म्हणून प्रदर्शन अजीबात बंद करा म्हणणाऱ्या बंधूंशीं मी सहमत नाहीं. भक्तीच्या आड लपणाऱ्या निष्काळजीपणास हंसूं आलें तर येऊं द्यावें.

शिवाय कुरूपता ही गरिबांची मिरास नव्हे. भिंतीवर एक वेष्टन बकऱ्यांचें होतें. प्राणिसंग्रहालयांत पांच तरुण बकऱ्यांस कांहीं चारीत आहेत, बकऱ्या त्यांच्या अंगावर आल्या आहेत, आणि वर हिरव्या पट्टींत नांव. हें बीच बॉईज या विख्यात मंडळींचें १९६६ सालचें ‘पेट साउंड्‌स’, आणि ठिकाण सॅन डिएगोचें प्राणिसंग्रहालय. इंग्रजींत ‘पेट’ म्हणजे पाळीव व लाडका. त्या एका शब्दावरच्या कोटीसाठीं ह्या बकऱ्या. आंतलें संगीत मात्र गेल्या शतकांतील त्या जातीच्या उत्तमोत्तम संगीतांत जाणते लोक गणतात. येथें पैशाचा तुटवडा नव्हता, मोठी कंपनी पाठीशीं होती. तरी निघाल्या त्या बकऱ्या. यांस पोटभर हंसावें. कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, बकऱ्यांचें तर नाहींच.

याच्या उलट १९८३ सालचें ब्लॅक सॅबथ मंडळींचें एक वेष्टन होतें, त्यावर शिंगें व नखें असलेलें तांबडें अर्भक. त्याच्या चित्रकारानें पुढें स्वतःच सांगितलें कीं, काम नाकारलें जावें म्हणून आपण तें मुद्दाम वाईट केलें होतें. पण तेंच पसंत पडलें! गोष्ट मोठी गमतीची. चित्र मात्र मुळींच गमतीचें नाहीं. मीं त्याच्यापुढें उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलें. तीं क्षणभर थांबत, नाक मुरडीत आणि पुढें जात. मुद्दाम केलेली कुरूपता कोणास हंसवीत नाहीं. ज्यानें जीव ओतून सुंदर करूं पाहिलें आणि भलतेंच झालें, त्यालाच आपण हंसतों. म्हणजे हंसण्याच्या मुळाशीं दुसऱ्याची धडपड आहे. आणि म्हणूनच मला वाटतें कीं हंसणाऱ्यावर त्या धडपडीचें थोडें ऋण आहे. फुकट हंसूं नये, किंमत द्यावी. आणि तबकडीच्या बाबतींत ती किंमत अगदींच थोडी आहे. तीन मिनिटें ऐकावयाचें.

यावर पहिल्या तटाचे एक स्नेही मला म्हणाले, ‘अहो, तीं माणसें सात समुद्रांपलीकडचीं. कांहीं तर केव्हांच वारलीं. त्यांस काय कळणार?’ त्यांस कळणार नाहीं हें खरेंच. पण त्या तीस ओळी मीं संमेलनानंतर शांतपणें पुन्हां वाचल्या. त्यांतल्या नऊ ओळी कोणाच्या तरी दांतांवर, कोणाच्या अंगाच्या लठ्ठपणावर, कोणाच्या घरीं शिवलेल्या झग्यावर होत्या. चित्राचा दोष त्यांत एकहि नव्हता. ज्या मुलाच्या डोळ्यास तेथें सराव झाला त्यास दुसऱ्या दिवशीं वर्गांत मागल्या बाकावर असाच कोणीतरी सांपडतो. त्यास तर कळतें ना? सैतानाच्या दंतवैद्याची ओळ या नऊ ओळींत नाहीं. ती मीं आनंदानें ठेविली असती. ते दांत प्लायवुडाचे आहेत.

माझी सूचना एवढीच आहे. प्रदर्शन भरवावें, मोठेंहि करावें. त्या नऊ ओळी जाव्यात. प्रत्येक चित्राखालीं, विनोदाच्या शेजारीं, ती तबकडी कोणाची, केव्हांची, आणि माहीत असल्यास कशी निघाली, हें दोन ओळींत लिहावें; तें शोधण्याचें काम मुलांचेंच. आणि भिंतीपाशीं एक यंत्र ठेवून निदान पांच-सहा गाणीं ऐकण्याची सोय असावी. ज्याला आधीं हंसावयाचें त्यानें हंसावें आणि मग ऐकावें. ज्याला आधीं ऐकावयाचें त्यानें तसें करावें.

हें मीं एकदां करून पाहिलें आहे. संमेलनाच्या पुढल्या आठवड्यांत दंतवैद्याची ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास व त्याच्या चार सोबत्यांस मीं संगीताच्या खोलींत बोलाविलें आणि संगणकावरून त्या दोघां भावांचें गाणें लाविलें. आरंभीं पांचहि जणांनीं तोंडें दाबून धरलीं होतीं. म्हातारा साक्ष देऊं लागला तेव्हां एक जण हंसला, मग नाहीं. गाणें संपल्यावर त्या ओळीच्या कर्त्यानें विचारलें, ‘सर, वरचा आवाज कोणाचा?’ मीं सांगितलें, बहुतेक थोरल्याचा, मॅंडोलिनवाल्याचा. पण ते मध्येंच बदलतात. त्यावर तो म्हणाला, ‘मग पुन्हां लावा, कोठें बदलतात तें पाहूं.’ आम्हीं तें आणखी चार वेळां लाविलें. मला ती जागा अजून सांपडलेली नाहीं. त्याचें म्हणणें, त्यास सांपडली.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगितल्यास जुने शिक्षक ती सांगतीलच. मी याच शाळेचा विद्यार्थी. दहावींत असतांना या वार्षिकाचें मुखपृष्ठ काढण्याचें काम मजकडे आलें होतें. मीं त्यावर तेजस्वी ज्ञानदीप काढला, आणि तीन आठवडे त्यावर खपलों. अंक हातांत पडतांच सर्व वर्गानें एका आवाजांत निर्णय दिला कीं ती चहाची किटली आहे. शाळा सोडीपर्यंत माझें नांव ‘किटली’ होतें. अंक ग्रंथालयांत खिडकीजवळच्या कपाटांत, खालच्या फळीवर आहे. मुलांनीं तो यंदाच्या प्रदर्शनांत लावावा. शेजारच्या दोन ओळी मी लिहून देईन.